पॅपिलिओ पॉलिम्नेस्टर

नीलवंत किंवा राणी पाकोळी या फुलपाखराचे शास्त्रीय नाव. महाराष्ट्राने २०१५ मध्ये याला राज्य फुलपाखराचा दर्जा दिला. कोळवण, ताम्हिणीसह मुळशीच्या डोंगरपट्ट्यात ते आढळते; अळी लिंबूवर्गीय पाने खाते.

‘पॅपिलिओ’ म्हणजे लॅटिनमध्ये फुलपाखरू. १७५८ मध्ये निसर्गशास्त्रज्ञ लिनीअसने पॅपिलिओमधील मोठ्या फुलपाखरांना ट्रॉयच्या युद्धातील वीरांची नावे दिली. पीटर क्रेमर या डच व्यापाऱ्याने तीच प्रथा चालवून १७७५ मध्ये या जातीला थ्रेसच्या राजाचे नाव दिले. आश्रयाला आलेल्या ट्रॉयच्या राजपुत्राला सोन्यासाठी मारणारा हा राजा. राजपुत्राच्या आईने, हेक्युबाने, या राजाचे डोळे फोडले. इतक्या देखण्या जीवाला इतके काळे नाव मिळावे, हे खटकतेच.

ग्रीकमध्ये राजाचे नाव ‘पॉलिमेस्टॉर’, म्हणजे पुष्कळ मसलती करणारा. त्यात ‘न’ नाही. क्रेमरच्या नावात मात्र तो आहे. तो ‘सुधारण्याचा’ मोह टाळावा: प्राणिनामकरण संहितेनुसार मूळ प्रकाशनातील वर्णलेखन सामान्यतः कायम राहते. जातिवाचक ‘पॉलिम्नेस्टर’ रोमन लिपीत लहान आद्याक्षराने, तिरप्या ठशात छापतात.