अंगणातली उस्तादी

धाराशिव जिल्ह्याचा इतिहास म्हटला की आपण नळदुर्गचा पाणीमहाल सांगतो, परंड्याचा किल्ला सांगतो. नळदुर्गवरून उमरग्याकडे जाणाऱ्या हैदराबाद रस्त्यावरचे मोटार मिस्त्री मात्र कुठल्याच इतिहासात नाहीत. त्यांत आपली माणसं पुष्कळ. निजामाच्या रेल्वेखात्याने १९३२ साली २७ गाड्यांनिशी सरकारी बस सुरू केली, एवढंच आपण अभिमानाने सांगतो.

ही उस्तादी मला ॲम्बेसेडरमध्ये दिसते. ती २०१४ पर्यंत बनत होती. १४८९ सीसीचं तिचं पेट्रोल इंजिन ओतीव लोखंडाचं. ऑइल दुधाळ झालं, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले की उस्ताद म्हणत, गास्केट गेलं. मग काम घराच्या अंगणातच. इंजिन थंड होऊ द्यायचं, पाणी काढायचं, नट थोडे थोडे सैल करायचे, हेड दोघांनी उचलायचं. पोलादी पट्टी लावून सपाटी बघायची. नवं गास्केट बसवून नट मधून बाहेर, दोन-तीन फेऱ्यांत कसायचे. कडेचा नट आधी आवळला तर हेड वाकतं.

टॉर्क पाना नसे, हाताचा अंदाज असे. त्याचं कौतुक आपण फार करतो. पण जुन्या गास्केटमध्ये तांब्याच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असे. चिकटलेलं कोरडंच खरवडायचं आणि फुंकर मारायची, ही तेव्हाची रीत. त्या धुळीने फुफ्फुसाचा कर्करोग होतो आणि तो उघड व्हायला वीस-तीस वर्षंही लागतात. तेवढ्यात गॅरेज मोडलेलं, पोरं पुण्याला गेलेली. खोकणाऱ्या म्हाताऱ्याला तू पूर्वी काय काम करायचास, हे विचारणार कोण?