चांदबिबीची नाणी आणि चुलीवरचे शिसे

चांदबिबीच्या वेढ्याची एक कथा नगरकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. तोफगोळे संपले तेव्हा तिने तोफांत आधी तांब्याची नाणी भरली, मग रुप्याची, मग सोन्याची. आणि जडजवाहीर डागण्याची पाळी आली तेव्हा कुठे ती तहाला राजी झाली. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८४१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या हिंदुस्थानच्या इतिहासात ही कथा अहमदनगरची लोकपरंपरा म्हणून नोंदवली आहे. तिच्या शेजारीच तो खाफीखानाचा हवाला देतो. खाफीखान नाण्यांविषयी बोलत नाही. चांदबिबीने मोगल छावणीवर चांदीचे गोळे डागले असे त्याचे म्हणणे.

साहित्याचा अध्यापक या कथेकडे वळला की त्याचा हात साहजिकच अलंकारशास्त्राकडे जातो. तांबे, रुपे, सोने, रत्ने हा चढता क्रम म्हणजे ‘सार’ अलंकाराचा नमुना, वर अतिशयोक्तीचा मुलामा. एवढे सांगितले की कथा संपली, असे आपण मानतो. मला मात्र या दोन पाठांतला फरक अधिक मोलाचा वाटतो. लोककथा नाणी म्हणते, इतिहासकार गोळे म्हणतो. या फरकाचा निवाडा अलंकारशास्त्र करू शकत नाही. तो ओतकामाच्या भट्टीपाशीच होऊ शकतो.

वेढ्याची हकिकत परिचित आहे. १५९५ च्या डिसेंबरात शाहजादा मुराद अहमदनगरवर (आजच्या अहिल्यानगरवर) चालून आला. मोगलांनी तटाखाली सुरुंग घातले, तटाला खिंडार पडले, आणि हाती तलवार घेऊन त्या खिंडारात उभ्या राहिलेल्या चांदबिबीने रातोरात ते बुजवून घेतले. १५९६ च्या आरंभी तह झाला, वऱ्हाड मोगलांना मिळाले. पुढे १६०० साली तिच्याच माणसांनी तिचा घात केला आणि किल्ला अकबराच्या हाती गेला.

आता धातूंकडे येऊ. शिसे ३२७ अंशांवर वितळते. (अंश सेल्सिअस समजावेत.) चांदीला ९६१ अंश लागतात, सोन्याला १०६४, तांब्याला १०८५. या आकड्यांत एक सामाजिक इतिहास दडलेला आहे. शिशाला भट्टी लागत नाही, भाता लागत नाही, कारागिराची पिढीजात विद्याही लागत नाही. घरची चूल, लोखंडी पळी आणि दोन पाखांचा साचा असला की बंदुकीची गोळी घरी ओतता येते. पळीत शिसे पातळ झाले की वर करडी मळी धरते. थोडे मेण किंवा चरबी टाकून ढवळले की ती सुटी होते आणि काढून टाकता येते. साचा थंड असेल तर गोळी सुरकुतलेली निघते, म्हणून पहिल्या काही गोळ्या पुन्हा पळीतच जातात. ज्या तोंडातून शिसे ओतले तिथे राहिलेला खुंट कापायचा, की गोळी तयार. पाण्याचा थेंब मात्र त्या पळीत पडता कामा नये. क्षणात वाफ होऊन तापलेले शिसे अंगावर उडते. (आपल्याकडे तापल्या शिशाची आठवण निघते ती कानात ओतण्याच्या शिक्षेपुरती. गौतम धर्मसूत्रातले मूळ शब्द ‘त्रपु’ आणि ‘जतु’, म्हणजे कथील आणि लाख, असे आहेत. सहज वितळणाऱ्या पदार्थांचे ज्ञान दंडविधान रचणाऱ्यालाही होते, एवढे यावरून दिसते.)

तोड्याच्या व पुढे ठासणीच्या बंदुकीच्या काळात गोळी ही अशी घरगुती वस्तू होती, आणि हे केवळ आपल्याकडेच नव्हते. १७७६ साली न्यूयॉर्कमध्ये जमावाने तिसऱ्या जॉर्जचा शिशाचा पुतळा पाडला. त्याचे तुकडे कनेक्टिकटमधील लिचफिल्ड या गावी नेण्यात आले, आणि तिथल्या बायकामुलांनी ते वितळवून ४२,०८८ गोळ्या ओतल्या. हा हिशेब त्यांनी लिहून ठेवला म्हणून तो आज सांगता येतो. अमेरिकेत घरी गोळ्या ओतणे हा आजही हौसेचा उद्योग आहे. तिथले हौशी लोक शिशात कथील व अँटिमनी मिसळून ते कठीण करतात, आणि छापखान्यांतून मोडीत निघालेल्या लायनोटाइपच्या धातूला त्यांच्यात मोठा भाव असतो. कारण त्या धातूत हेच तिन्ही पदार्थ आधीच मिसळलेले असतात. अक्षरांचे शिसे गोळ्यांत जाते, हे आपल्यासारख्यांनी ऐकून घ्यावे असे आहे.

तोफेचे तसे नाही. तोफ ही राजाची वस्तू. ‘मलिक-ए-मैदान’ १५४९ साली अहमदनगरातच ओतली गेली. मुहम्मद बिन हसन रूमी या ओतणाऱ्याचे नाव तिच्यावर कोरलेले आहे. सुमारे ५५ टन वजनाची ही पंचधातूसदृश तोफ पुढे परांड्याला व तिथून १६३२ मध्ये विजापुरास गेली. तेवढा धातू एका वेळी वितळवून, न थांबता एका साच्यात सोडायचा म्हणजे राज्याची सारी ताकद पणाला लावणे होते.

या पार्श्वभूमीवर खाफीखानाचे चांदीचे गोळे पाहावेत. सुरुंग फुटत आहेत, तटाला भगदाड पडले आहे, आणि गडावर कोणी भाते लावून, मुशी तापवून चांदीचे गोळे ओतत बसले आहे, हे चित्र अशक्य नसले तरी निरर्थक आहे. चांदी नाण्यांच्या रूपात हाताशी असताना ती वितळवायची कशाला? पिशवीत नाणी भरून ती तोफेत ठासली की जवळच्या गर्दीवर त्यांचा छर्र्यांसारखा मारा होतो. त्यासाठी काहीच ओतावे लागत नाही. लोककथेला हे ठाऊक आहे.

तिला ते ठाऊक असण्याचे कारणही नगरच्याच इतिहासात सापडते. २३ जानेवारी १५६५ च्या तालिकोटच्या लढाईत हुसेन निजामशहाच्या तोफखान्यावर रूमीखान होता. विजयनगरचे सैन्य अगदी अंगावर आले तेव्हा त्याने तोफांत तांब्याच्या नाण्यांच्या पिशव्या भरून डागल्या आणि मोठा संहार केला, असे फिरिश्ता लिहितो. फिरिश्ता स्वतः १५८९ मध्ये विजापुरास जाण्यापूर्वी नगर दरबारीच चाकरीस होता. अशी गोष्ट त्या शहरात तोंडोतोंडी राहिली नसती तरच नवल. माझा तर्क असा की चांदबिबीच्या कथेतली पहिली पायरी, तांब्याची नाणी, ही तालिकोटहून आलेली आहे. रुपे, सोने आणि रत्ने तिच्यावर लोकांच्या प्रेमाने चढवली. पुरावा मागाल तर तो एवढाच, की कथा तांब्यापासूनच सुरू होते.

ही कथा जिवंत ठेवणाऱ्या लोकांना बार भरणे म्हणजे काय हे हाताने माहीत होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दारूखाना घरांपासून दूर असावा, त्याभोवती निवडुंगाचे कुंपण असावे, आठ-पंधरा दिवसांनी दारू बाहेर काढून उन्ह द्यावे, असे बारकाईने सांगितले आहे. दारूला घराबाहेर ठेवणे भाग होते; शिशाला ती अडचण नव्हती. मराठीने हे सारे जपून ठेवले आहे. आपण एखादी गोष्ट ‘ठासून’ सांगतो, कोणाचा ‘बार फुसका’ निघतो, लिखाण ‘साचेबंद’ होते. वापरणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर मात्र आज गज नसतो, साचाही नसतो.

तो का नसतो, याचे बरेचसे उत्तर १८७८ या सालात आहे. लिटनच्या कारकिर्दीतल्या शस्त्रकायद्याने परवान्यावाचून शस्त्र बाळगणे गुन्हा ठरवला; युरोपियनांना सवलती ठेवल्या आणि इथल्या माणसाच्या घरातली बंदूक काढून घेतली. त्या कायद्यातील ‘लष्करी सामग्री’ची व्याख्या वाचण्याजोगी आहे. सरकार अधिसूचना काढून ज्या मालावर निर्बंध घालू शकेल त्यात गंधक आणि सोरा यांच्या पंक्तीला शिसेही बसवले आहे. चुलीवर वितळणाऱ्या धातूचे सामर्थ्य राज्यकर्त्यांनी अचूक ओळखले होते. स्वतंत्र भारताच्या १९५९ च्या कायद्यानेही दारूगोळा तयार करणे परवान्याखालीच ठेवले, त्यामुळे अमेरिकन माणसाचा हा छंद आपल्याकडे गुन्हा ठरतो. शिशाची वाफ आणि धूळ शरीरात साठत जाते, हे लक्षात घेता त्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही.

वाचनाच्या बाबतीत मात्र काही गमावले आहे. एल्फिन्स्टन १८०३ साली असईच्या रणांगणावर वेलस्लीसोबत होता, पुढे दख्खनचा कमिशनर झाला. त्याने ही कथा ऐकली ती ठासणीच्या बंदुका घरोघरी असलेल्या मुलखात. म्हणूनच बहुधा त्याच्या नोंदीत ‘नाणी’ हा शब्द शाबूत राहिला. आज उत्तरपत्रिकांत आणि व्याख्यानांत चांदबिबी बहुतेक वेळा सोन्याचे गोळे डागते.