दक्षिणेला दर्या

आयोजकांनी मला विषय सुचवला तो असा : समुद्रकाठच्या जुन्या गावात पायी घालवलेला एक दिवस. नांदेडच्या माणसाला हा विषय द्यायचा म्हणजे कोकणातल्या माणसाला दुष्काळावर बोला म्हणण्यासारखं आहे. (हशा) आमच्या लहानपणी समुद्र भूगोलाच्या पुस्तकात होता. मी तो प्रत्यक्ष पाहिला तेव्हा माझं एम.ए. झालेलं होतं. पण विषय नाकारला नाही, कारण मागच्या हिवाळ्यात तसा एक दिवस खरोखरच घडला आणि तो अजून डोक्यातून गेलेला नाही.

मुलगी-जावई पणजीला असतात. नात नववीत. तिला सुट्टी होती, मला तर कायमचीच आहे. सकाळी सातला आम्ही दोघं मांडवीच्या काठावर, जुन्या सचिवालयाशी उभे राहिलो. मुळात हा आदिलशहाचा वाडा. पुढे पोर्तुगिजांनी घेतला. त्यांची मूळ राजधानी वरच्या अंगाला, आज आपण जुनं गोवं म्हणतो तिथे. तिथे साथीच्या रोगांनी माणसं इतकी मेली की शहर हळूहळू रिकामं होत गेलं. १७५९मध्ये व्हाइसरॉयने आपला मुक्काम या वाड्यात हलवला आणि १८४३मध्ये पणजी रीतसर राजधानी झाली. म्हणजे जे ‘जुनं शहर’ पाहायला जग येतं, ते मुख्यतः गेल्या दोनशे-सव्वादोनशे वर्षांतलं आहे. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

वाड्याशेजारी एक पुतळा आहे. एक धर्मगुरू हात पसरून उभा आणि समोर एक स्त्री कोसळतेय. नातीला वाटलं कुणी तिला मारतंय. ते आबे फारिया. १७५६ साली कांदोळीला जन्मलेला हा गोवेकर पॅरिसला गेला आणि संमोहनाचे प्रयोग करू लागला. तेव्हाचे लोक म्हणत, संमोहन करणाऱ्याच्या अंगातून काही चुंबकी द्रव वाहतो. फारिया म्हणाला, असं काही वाहत नाही. झोप ज्याला लागते त्याच्याच मनात तिचं कारण असतं. मी जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे इथे दहा मिनिटं जास्त थांबलो. जुन्या वास्तू पाहून आपल्याला जे भारावल्यासारखं होतं, ते दगडातून येतं की आपण सोबत आणलेलं असतं? नात म्हणाली, ‘‘आबा, चला.’’

तिथून पाट्टोकडे. इथे पणजी रायबंदरला जोडणारा एक जुना बांध-पूल आहे, तीन किलोमीटरच्या वर लांब, खाजणातून गेलेला. लिन्यारिस नावाच्या व्हाइसरॉयच्या काळात, १६३३-३४मध्ये बांधलेला. त्यावरून आजही वाहनं जातात. तिथे उभं असताना मला आपलं गाव आठवलं. जवळजवळ त्याच वेळी, १६३६मध्ये, शाहजहानने औरंगजेबाला दख्खनच्या सुभेदारीवर पाठवलं. तेव्हा दख्खनचे चार सुभे होते : दौलताबाद, खानदेश, वऱ्हाड आणि तेलंगण. या तेलंगण सुभ्याचं मुख्य ठिकाण नांदेड, आणि त्याचा किल्ला कंधार. लिन्यारिसचा पूल पाहायला लोक येतात. नांदेड कधी सुभ्याची राजधानी होतं हे नांदेडात किती जणांना माहीत आहे, हे मी विचारत नाही. उत्तर मला ठाऊक आहे.

आता फोंतेन्हास. आल्तिनोची टेकडी आणि ओरेंची खाडी यांच्यामधली ही चिंचोळी पट्टी. टेकडीच्या पायथ्याशी एक झरा आहे, फोंते फेनिक्स. त्यावरूनच वस्तीचं नाव पडलं. टेकडीवर चढत गेलं की मारुतीचं देऊळ. या पट्टीत गाडी नीट वळत नाही आणि तिथेच तिची सगळी गंमत आहे. गल्ली इतकी रुंद की दोन माणसं बोलत जाऊ शकतील, तिसरं आलं तर एकाने भिंतीला टेकायचं. घरं चिऱ्याची, वर कौलं, बाहेर बसायला बाल्कांव, रंग पिवळा, निळा, तांबडा. पोर्तुगीज काळात दर पावसाळ्यानंतर घर रंगवायचा दंडक होता असं सांगतात आणि पांढरा रंग चर्चसाठी राखलेला. हे वाचून मला आधी जुलूम वाटला होता. पण चार महिन्यांचा तिथला पाऊस भिंतींचं काय करतो ते पाहिल्यावर वाटलं, रंग हे तिथे छत्रीसारखं आहे.

एका रस्त्याचं नाव ‘३१ जानेवारी’. आमच्यापुढे चाललेला एक गाइड पर्यटकांना सांगत होता, या दिवशी पोर्तुगाल स्पेनपासून स्वतंत्र झाला. मला राहवलं नाही, पण बोललो नाही. प्राध्यापकाची सवय आता आवरती घेतली आहे. पोर्तुगालचं ते स्वातंत्र्य १ डिसेंबर १६४०चं. ३१ जानेवारी १८९१ला पोर्तो शहरात राजेशाहीविरुद्ध उठाव झाला आणि त्याच दिवशी चिरडला गेला. पुढे प्रजासत्ताक आलं आणि गावोगावच्या रस्त्यांना ही तारीख मिळाली. फसलेल्या बंडाचं नाव रस्त्याला! तसाच दुसरा गैरसमज : फोंतेन्हास युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. नाही. १९८६मध्ये यादीत गेली ती जुन्या गोव्यातली चर्चेस आणि कॉन्व्हेंट्स.

सेंट सेबॅस्टियनच्या छोट्या चॅपेलमध्ये मात्र आवर्जून जा. तिथल्या क्रूसावरच्या ख्रिस्ताचे डोळे उघडे आहेत आणि मान ताठ. हा क्रूस आधी जुन्या गोव्यात इन्क्विझिशनच्या वाड्यात होता, मग आदिलशहाच्या वाड्यात आला, आणि १९१८मध्ये इथे. ज्यांची चौकशी झाली त्यांनी याच उघड्या डोळ्यांसमोर उत्तरं दिली असतील. त्या रंगीत गल्लीत एवढं एक घर रंगीत वाटत नाही.

दुपारी एका बाल्कांवावर बसलेल्या गृहस्थांनी आम्हाला पाणी दिलं. माझ्याच वयाचे. आत बायकोशी पोर्तुगिजमध्ये बोलले, मासळीवालीशी कोंकणीत, माझ्याशी मोडक्या हिंदीत. मी म्हटलं, घर फार सुंदर ठेवलंय. ते हसले. कौलं चाळायला आता माणूस मिळत नाही, मुलं परदेशात, आणि सकाळी दार उघडलं की पायरीवर कुणीतरी लग्नाआधीचे फोटो काढत बसलेलं असतं. त्यांनी दारावर पाटी लावली होती : हे घर आहे, स्टुडिओ नाही. मला ती पाटी फोंतेन्हासमधला सगळ्यात महत्त्वाचा शिलालेख वाटली. तुम्ही आम्ही ज्याला वारसा म्हणतो, ते कुणाचं तरी गळणारं छप्पर असतं.

संध्याकाळी खाडीकाठी बसलो असताना नात म्हणाली, ‘‘आबा, आपल्या नांदेडला असं का नाही?’’

मी आधी मास्तरासारखं उत्तर दिलं. म्हटलं, आहे, आणि याच्यापेक्षा जुनं आहे. वाकाटक विंध्यशक्ती दुसरा याचा वाशिमला सापडलेला ताम्रपट चौथ्या शतकातला आहे. त्यात दान दिलेलं गाव ‘नंदिकड’च्या उत्तर मार्गावर असल्याचं म्हटलंय. हे नंदिकड म्हणजे नांदेड. १७०८ साली गुरू गोविंदसिंग इथे आले. माधोदास बैरागी त्यांना इथेच गोदाकाठी भेटला आणि बंदासिंग बहादूर झाला. गुरूंनी देह ठेवला तोही इथेच. महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात सचखंडची वास्तू बांधवली. नगीना घाट, बंदा घाट, तीन बाजूंनी नदीने वेढलेला नंदगिरी किल्ला, इतवारा, होळी, गाडीपुरा, चौफाळा : हे सगळं चालत जाण्याच्या अंतरात आहे. फोंतेन्हास पायी तासाभरात संपतं. जुनं नांदेड नीट पाहायला दिवस पुरत नाही.

ती म्हणाली, ‘‘मग मला का नाही दाखवलं?’’

मित्रहो, मी तिला तेव्हा जे सांगितलं नाही ते तुम्हाला सांगतो. २००८च्या गुरुतागद्दी सोहळ्यासाठी रस्ते रुंद झाले, घाट बांधले गेले, गुरुद्वाऱ्याभोवतीच्या जुन्या गल्ल्या मोकळ्या झाल्या. लाखो भाविक यायचे होते, त्यामुळे ते गरजेचंच होतं. तेव्हा मी ‘जुनं नांदेड गेलं’ असं पुष्कळ ठिकाणी हळहळून बोललो. पण आमचा स्वतःचा वाडा त्याच्या तेरा वर्षं आधी पडला होता, आणि त्या कागदावर सही माझी होती.

आमचा वाडा नदीच्या बाजूच्या गल्लीत. दगडमातीच्या भिंती, हात पसरले तरी जाडी मावणार नाही अशा. दारातून आत आलं की ढेलज, मग चौक, सागवानी खांब, भिंतीत देवळ्या, आणि वर माळवद. माळवद म्हणजे तुळयांवर लाकडं, त्यावर पांढऱ्या मातीचा थर. उन्हाळ्यात इतकं गार, की पंखा आम्ही उशिरा घेतला. पण दरवर्षी पावसाळ्यापूर्वी माती टाकावी लागे, आणि थरावर थर चढून छताचं ओझं वाढत जाई. कौलं फुटली तर बदलतात. माती मात्र साठत जाते.

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून लोक झोपले होते. पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला. लातूर-उस्मानाबादकडच्या श्रोत्यांना मी काय सांगावं? सरकारी आकड्यानेही आठ हजारांच्या घरात माणसं गेली, आणि बहुतेक अशाच जाड दगडमातीच्या भिंतींखाली, अशाच जड छतांखाली. ज्या घरांनी उन्हापासून वाचवलं, त्यांनीच मारलं. नांदेडलाही हादरा जाणवला. आमच्या वाड्याला फक्त एक तडा गेला. पण त्या रात्रीनंतर आई घरात झोपली नाही. थंडीतसुद्धा चौकात खाट टाकून झोपायची. दीड वर्ष मी तिला भूकंपप्रवण क्षेत्र वगैरे समजावत होतो. ती एवढंच म्हणायची, ‘‘तुझं पुस्तक खरं असंल बाबा, पण माळवद मी पाहिलंय.’’ १९९५ला मी सही केली. आज तिथे तीन मजली इमारत आहे, खाली मोबाइलचं दुकान.

म्हणून कुणी फोंतेन्हासचं उदाहरण देऊन मराठवाड्यातल्या लोकांना वाड्यांची किंमत नाही म्हणतं, तेव्हा मला राग येतो. जांभ्याची घरं, संवर्धनाचे नियम, बाहेरून येणारा पैसा हे सगळं तिकडे होतं. आमच्याकडे भीती होती, आणि ती खोटी नव्हती. अर्थात, तुळया जपून भिंती नव्याने बांधता आल्या असत्या, हेही खरं. मी चौकशीसुद्धा केली नाही. सुटल्यासारखं वाटलं होतं मला.

वाडा पाडताना एक कागद निघाला, वाड्याचा जुना दस्त. उर्दूत. माझे वडील निजामाच्या राज्यात उर्दू माध्यमात शिकले. तेव्हा आमच्या भागात वरचं शिक्षण म्हणजे उर्दूच. उस्मानिया विद्यापीठ १९१८पासून त्याच भाषेत चालायचं. वडील हिशेब उर्दूत करत आणि हरिपाठ मराठीत म्हणत. १७ सप्टेंबर १९४८ला निजामाचं राज्य गेलं, आम्ही मराठी शाळेत गेलो, आणि एका पिढीत घरातलं दप्तर आम्हाला वाचता येईना. पणजीच्या त्या गृहस्थांच्या मुलांचं १९६१नंतर हेच झालं असणार. तो दस्त मी वीस-बावीस वर्षं ट्रंकेत ठेवला. पणजीहून आल्यावर इतवाऱ्यातल्या एका निवृत्त उर्दू शिक्षकांकडे घेऊन गेलो. चष्मा पुसून त्यांनी हुदूद-ए-अरबा, म्हणजे चतुःसीमा वाचल्या. पूर्वेला एका विणकराचं घर. उत्तरेला सरकारी रस्ता. पश्चिमेला मशिदीची मोकळी जागा. ‘‘और जुनूब में दर्या,’’ ते म्हणाले.

मी चमकलो. लहानपणी वडील सांगत, आपल्या घराच्या दक्षिणेला दर्या आहे. मी शाळेत हे सांगितलं तेव्हा मुलं हसली होती, नांदेडला कुठला समुद्र? मी वडिलांवर रुसलो होतो. मराठीत दर्या म्हणजे समुद्र, उर्दूत दर्या म्हणजे नदी. वडील गोदावरीबद्दल बोलत होते. दोघांचंही बरोबर होतं, आणि हे कळायला मला साठ वर्षं लागली.

उन्हाळ्याच्या सुट्टीत नात आली. आम्ही सकाळी साडेसहाला नगीना घाटावरून निघालो, हातात दस्ताची झेरॉक्स. किल्ला पाहिला. मग आमच्या गल्लीत चतुःसीमा शोधत फिरलो. मशिदीची जागा आहे, आता भिंत घातली आहे. उत्तरेचा रस्ता आहे, त्याला वेगळं नाव आहे. विणकराचं घर कोणतं ते कुणाला सांगता येईना. शेवटी एका म्हाताऱ्या बाईंनी एका जोत्याकडे बोट दाखवलं, वर पत्र्याचं शेड होतं. दक्षिणेकडे मात्र इमारतींमुळे नदी दिसतच नाही. नात मोबाइलच्या दुकानदाराला विचारून जिन्याने गच्चीवर गेली. मी खालीच थांबलो, गुडघे आता जिना मानत नाहीत. दोन मिनिटांनी वरून तिचा आवाज आला, ‘‘आबा, आहे! दर्या आहे!’’