पांढरा अंधार

नान्नजच्या माळावर उन्हाळ्यात उभे राहिले म्हणजे क्षितिज किती लांब जाऊ शकते ते कळते. माळढोक पक्ष्यासाठी राखलेला सोलापूरजवळचा हा गवताळ माळ. ना डोंगर, ना दाट झाडी. वैशाखात अशा माळावर वावटळ उठली की माती, पाचोळा, कडब्याचा भुसा एकदम गिरकी घेतात. गाडीवान बैल थांबवतो, पटक्याचे टोक डोळ्यांवर ओढतो आणि दोन मिनिटे स्वस्थ बसतो. दोन मिनिटांनी जग पुन्हा जागच्या जागी असते. आता हाच माळ मनाने शेकडो पट वाढवावा, त्यावर मातीऐवजी पिठासारखे बारीक बर्फ पसरावे, आणि दोन मिनिटांची वावटळ वीस तास चालू ठेवावी. म्हणजे उत्तर अमेरिकेतील प्रेअरी नावाच्या मुलखाच्या हिवाळ्याची पुसटशी कल्पना आपल्यासारख्या उन्हातल्या माणसांना येईल.

बर्फ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे थंडी उभी राहते. पण प्रेअरीवरचा वाटसरू थंडीइतकाच, किंबहुना अधिकच, भितो तो आंधळेपणाला. तिथे आकाशातून बर्फ पडत असलेच पाहिजे असेही नाही. कालपरवा पडलेले भुसभुशीत बर्फ जमिनीवर असते. वारा त्याला उचलतो आणि जमिनीलगत पुरासारखा वाहवत नेतो. वर मान करावी तर निळे आकाश, आणि समोर पाहावे तर मोटारीचे स्वतःचे नाकसुद्धा दिसत नाही! उंच मालमोटारीवर बसलेल्याला वाट दिसते आणि शेजारच्या लहान मोटारीतल्याला दिसत नाही, असा चमत्कारही घडतो. जमीन पांढरी, हवा पांढरी, आभाळही पांढरे. सावली नाही, कड नाही. यालाच तिकडे व्हाइट-आऊट म्हणतात. आपण पुढे जात आहोत की उभे आहोत हेही हाकणाऱ्याला उमजत नाही. दिव्यांचा प्रकाश वाढवावा तर तो उडत्या कणांवर आपटून उलट डोळ्यांत येतो. उजेड जितका अधिक तितके कमी दिसते, म्हणून या अंधाराला पांढराच म्हटले पाहिजे. अमेरिकेच्या हवामान खात्याची ब्लिझर्डची व्याख्या मात्र रुक्ष आहे: ताशी ३५ मैलांचा वारा, पाव मैलाच्या आत आलेली दृष्टी, आणि हे सारे निदान तीन तास.

या अंधाराची एक मोठी नोंद मोटारींच्या आधीची आहे. १८८८ सालच्या १२ जानेवारीची सकाळ नेब्रास्का आणि डाकोटाच्या मुलखात नवलाची उबदार उजाडली. कित्येक मुले जाड कोट घरी टाकून शाळेत गेली. दिवस वर येतो न येतो तोच वायव्येकडून वादळ असे कोसळले की काही क्षणांत हात पुढे केला तर पंजा दिसेना. त्या एका वादळात सुमारे २३५ माणसे दगावली असा अंदाज आहे, आणि त्यांत शाळेतून घरी निघालेली मुले इतकी होती की ते मुलांचे वादळ म्हणूनच ओळखले जाते. (आपल्या पंडिता रमाबाई त्या दिवसांत अमेरिकेतच होत्या, त्याच वर्षी पुढे आगगाडीने तो सारा खंड ओलांडून त्या सान फ्रान्सिस्कोला पोचल्या, आणि १८८९ मध्ये त्यांचे अमेरिकेवरील मराठी पुस्तक निघाले.)

त्या दिवशीच्या दोन शिक्षिकांच्या हकीकती मला, मी स्वतः शाळामास्तर असल्यामुळे असेल, विसरता येत नाहीत. ऑर्ड गावाजवळच्या मीरा खोऱ्यात मिनी फ्रीमन नावाची एकोणीस वर्षांची पोर शिकवीत होती. शाळा गवताच्या ढेकळांची. वाऱ्याने तिचे छप्पर उडाले. मिनीने मुलांची रांग केली आणि अर्ध्या मैलावरच्या घरी सगळ्यांना सुखरूप नेले. तिने मुलांना दोरीने एकमेकांस बांधले होते असे वर्तमानपत्रांनी लिहिले. दोरी खरोखर होती की नाही यावर पुढे तिचे विद्यार्थीच वाद घालीत राहिले. दुसरी लॉइस रॉइस. प्लेनव्ह्यूजवळच्या तिच्या शाळेतले जळण संपले. ती राहत होती ते घर दोनशे यार्डांच्याही आत होते. तीन मुलांना घेऊन ती निघाली आणि वाट चुकली. तिन्ही मुले रात्रीत गेली. लॉइस वाचली, पण तिचे पाय कापावे लागले. पहिलीला देशभर कीर्ती मिळाली, दुसरीला क्वचितच कोणी आठवते. दोघींच्या धैर्यात मला तसूभरही फरक दिसत नाही. एकीला घर सापडले, दुसरीला सापडले नाही, एवढेच.

घरापासून गोठ्यापर्यंत दोरी बांधून ठेवायची आणि वादळात तिला धरूनच गुरांना चारा घालायला जायचे, ही रीत तिथल्या शेतकऱ्यांनी अशाच अनुभवांतून पाळली. पुढे मोटारी आल्या. चार भिंती, छप्पर आणि इंजिन हाताशी आल्यावर माणसाला वाटले, आता दोरी कशाला?

१९३१ सालच्या २६ मार्चला, म्हणजे पंचांगाने वसंत आलेला असताना, कॉलोराडोतील टाउनरजवळच्या प्लेझंट हिल शाळेत वादळाची चिन्हे दिसली. शिक्षकांनी मुलांना घरी पाठवायचे ठरवले. कार्ल मिलर या शेतकऱ्याच्या बसमध्ये वीस मुले बसली. त्यांत त्याची स्वतःची मुलगी होती. थोड्याच अंतरावर रस्ता दिसेनासा झाला, बस भरकटून चरात रुतली आणि इंजिन बंद पडले. खिडक्यांच्या फटींतून बर्फ आत येऊ लागले. मुलांना झोप लागू नये म्हणून त्यांना उड्या मारायला लावले, लटक्या मारामाऱ्या करायला लावल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मिलर मदत आणायला म्हणून एकटा पायी निघाला; तो वाटेतच गोठून मेला. सुमारे तेहतीस तासांनी बस सापडली तोवर पाच मुले गेली होती, मिलरची मुलगी त्यांतच. पंधरा वाचली. आपले कपडे काढून लहानग्यांना देणाऱ्या तेरा वर्षांच्या ब्रायन अंटीटला अध्यक्ष हूव्हरनी व्हाइट हाऊसमध्ये पाहुणा म्हणून बोलावले. बाकीच्या मुलांनीही एकमेकांना जगवले होते, त्यांचे नाव त्या मानाने मागे राहिले. त्या मोडक्या लाकडी खोक्याने का होईना, वारा अडवला होता. वादळात गाडी रुतली तर गाडी सोडू नये, हा तिकडचा आजचा पहिला नियम आहे.

दोरीचे काम मोटारींच्या काळात कुंपणाने केले, पण त्याआधी आडमुठेपणाही पुष्कळ झाला. वायोमिंग राज्यात लॅरॅमीहून पश्चिमेकडे जाणारा जुना रस्ता आणि युनियन पॅसिफिकची आगगाडी, दोघेही मेडिसिन बोकडून वळसा घेऊन जात. साठीच्या दशकात नवा महामार्ग आखणाऱ्यांनी एल्क मौंटनच्या पायथ्याने जवळची वाट धरली. तिथले जुने पशुपालक सांगत होते की त्या बाजूला हिवाळ्यात वारा माणसाला उभा राहू देत नाही. मैल वाचतात म्हटल्यावर म्हाताऱ्यांचे कोण ऐकतो! १९७० च्या ऑक्टोबरात रस्ता खुला झाला आणि त्याच पहिल्या हिवाळ्यात उडत्या बर्फाने तो पुन्हा पुन्हा बंद पाडला.

मग रोनल्ड टेबलर या संशोधकाने वाऱ्याचाच अभ्यास मांडला. आपल्या शेताच्या बाभळीच्या काटेरी कुंपणामागे माती आणि पाचोळा साचतो ना, तेच तत्त्व. फळ्यांत निम्मी फट ठेवलेले उंच लाकडी कुंपण रस्त्यापासून दूर, वाऱ्याच्या बाजूला उभारायचे. फटींतून जाताना वारा मंदावतो आणि हातातले बर्फ कुंपणापलीकडेच टाकतो. त्याचा ढीग कुंपणाच्या उंचीच्या पस्तीस पटीपर्यंत लांब पसरू शकतो, म्हणून कुंपण रस्त्याला खेटून बांधले तर ते रस्त्यालाच पुरून टाकील! १९७१ पासून त्या महामार्गाच्या कडेने अशी मैलोगणती कुंपणे उभी राहिली. रस्ता आजही बंद पडतो, पण पूर्वीसारखा नाही.

आता आपली माणसेही तिकडे आहेत. विनिपेग, कॅल्गरी, एडमंटनला मराठी घरे आहेत, दिवाळीचे कंदील तिथे बर्फात लागतात. आणि २०२२ च्या १९ जानेवारीला मॅनिटोबातील एमर्सनजवळ गुजरातेतल्या डिंगुचा गावचे आईवडील आणि त्यांची दोन मुले, थोरली अकरा वर्षांची, धाकटा तीन, वाऱ्याच्या बर्फात गोठून मेली. चोरवाटेने त्यांना सरहद्दीपलीकडे चालत पाठवले होते. तिकडे त्यांना घ्यायला आलेली मोटार मिनेसोटात बर्फात रुतली होती. सरहद्द अवघी बारा मीटर उरली होती. त्यांना धाडणाऱ्यांपैकी दोघांना २०२४ च्या नोव्हेंबरात न्यायालयात दोषी ठरवले गेले.

प्रेअरीवर नव्याने गेलेल्या कुटुंबाला मोटारीत काय ठेवावे ते शेजारी सांगतात: घोंगडी, फावडे, खाऊ. गाडी रुतली तर आधी धुराड्याच्या नळीवरचे बर्फ उकरावे, नाहीतर विषारी धूर आत भरतो. इंजिन सतत चालू ठेवू नये. आणि एका रिकाम्या पत्र्याच्या डब्यात मेणबत्ती आणि आगपेटी असू द्यावी. काच बोटभर उघडी ठेवून ती लावली की बंद गाडीत थोडी ऊब राहते.