भिलाईची कोजागिरी, शके 1881

दुर्ग स्टेशनावर तुम्ही उतरता तेव्हा दिवेलागण होऊन गेलेली असते. ऑक्टोबर 1959, आश्विन पौर्णिमा. तीन वर्षांपूर्वीपर्यंत हा जिल्हा असलेल्या राज्याची राजधानी नागपूर होती, आता कारभार भोपाळहून चालतो. पूर्वेला पूर्ण चंद्र आणि भिलाईच्या बाजूला तांबूस आभाळ. याच फेब्रुवारीत राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. अशी भट्टी एकदा पेटली की रात्री विझवता येत नाही. लक्ष्मी आज कोण जागं आहे ते बघत फिरते म्हणतात. इथे तिसरी पाळी रोजच जागी असते.

वऱ्हाडातून आलेल्या एका कुटुंबाच्या क्वार्टरपुढे ज्वारीच्या ताटांचा मांडव आहे. आत मातीची भुलाबाई, भुलोजी आणि गणोबा. महिनाभर चाललेली गाणी आज संपणार. टिपऱ्या थांबतात आणि झाकलेला डबा बाहेर येतो.

"काकू, हलवून तरी दाखवा ना!"

डबा खुळखुळतो. चिवडा? शेंगदाणे? खिरापत ओळखल्याशिवाय कोणाला मिळायची नाही.

कोळशाच्या शेगडीवर दूध आटतंय. काकू केशर जपून टाकतात, चारोळी मात्र मूठभर. ती इथल्याच जंगलातली. थोरल्या मुलाला पाटावर बसवून ओवाळतात, कारण आज ज्येष्ठ अपत्याची आश्विनी. ओवाळणी झाली की तो जेवणाचा डबा घेऊन रात्रपाळीला निघेल.

शेजारच्या बंगाली घरात आज लक्ष्मीपूजा, ओडियांकडे कुमार पौर्णिमा, छत्तीसगढी घरात चांदण्यात ठेवलेली खीर. कुंपणापलीकडच्या बाई सांगतात, उद्यापासून कार्तिक. काकू हसतात, "आमचा आश्विन अजून पंधरा दिवस आहे, बाई." त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. चंद्र मात्र सगळ्यांचा अश्विनी नक्षत्राच्याच आसपास.

काका सोलापूरचं दाते पंचांग उघडून बसलेत. एक तरुण विचारतो, "काका, माझ्या राशीला बढती आहे का हो?"

"ते साहेबाला विचार. मी पौर्णिमा मध्यरात्री आहे का ते बघतोय. कोजागिरी त्यावर ठरते."

मग विषय रशियन इंजिनिअरांवर जातो. 1955 च्या करारानंतर त्यांच्याच मदतीने हा कारखाना उभा राहतोय. त्यांच्या देशाचं एक यान गेल्या महिन्यात चंद्रावर आदळलं. दुसऱ्याने याच 7 ऑक्टोबरला चंद्राच्या पृथ्वीवरून कधीच न दिसणाऱ्या बाजूचे फोटो काढले, पण ते जगापुढे येतील 27 तारखेला. तुम्हाला हे ठाऊक आहे, अंगणात कोणालाच नाही. तुम्ही गप्प बसून दुधाचा पेला घ्या.

यान नेमकं पोचवायला चंद्राची गती मोजावी लागते आणि तिथी काढायलाही तीच. पंचांगाचं खरं बळ या हिशेबात आहे, भविष्य सांगण्यात नाही. यंदा कोजागिरीला तुम्हीही राशीफळाचं पान उलटून पुढे जा. पौर्णिमा किती वाजता लागते, कधी संपते आणि मध्यरात्री असते का, एवढं बघा. मग खुशाल दूध आटवायला ठेवा.