विश्वस्तपद : मान आणि दायित्व

ज्ञातिबांधवांनी पैपैसा जमवून उभारलेला निधी कोणाच्या हाती असावा, हा प्रश्न आपल्या संस्थांइतकाच जुना आहे. १८६० च्या संस्था-नोंदणी कायद्याने कार्यकारी मंडळाची यादी प्रतिवर्षी सादर करण्याचे बंधन घातले; हिशेबाची शिस्त मात्र पुष्कळशी चालकांच्या सचोटीवरच राहिली. मुंबई राज्याच्या १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याने हिशेब व लेखापरीक्षण आवश्यक केले, आणि विश्वस्त संस्थेची स्थावर मिळकत विकण्यास धर्मादाय आयुक्तांची पूर्वसंमती लागू लागली.

तथापि कायद्याहून तत्त्वाचे बंधन थोर. १८८४ साली स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचा कारभार आजीव सभासदच पाहत. त्यांनी बाहेरील मिळकत घ्यावी काय, यावर तीव्र मतभेद झाले. आपले मत मान्य होत नाही असे पाहून टिळकांनी १८९० साली स्वतः उभारलेली संस्था सोडली. पद हे तत्त्वासाठी असते, पदासाठी तत्त्व नव्हे, हाच त्याचा बोध.

म्हणून वार्षिक सभेत हिशेब विचारणे हा अविश्वास नव्हे, आणि तो देणे हा अपमान नव्हे. विश्वस्त हा निधीचा धनी नसून राखणदार आहे. आपल्या शिष्यवृत्तीवर उद्या शिकणाऱ्या मुलाचा तो ऋणी आहे, हे आपण सर्वांनी स्मरावे.