आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम (१९५९-६५) आणि शास्त्रांचा संयोग

समुद्रविज्ञान अनेक शास्त्रांच्या संयोगातून घडले, हे विधान प्रास्ताविकांतून नेहमी आढळते. हा संयोग प्रत्यक्षात कोठे घडला, याचा विचार मात्र क्वचितच होतो. प्रस्तुत लेखात आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेच्या आधारे हा प्रश्न तपासला आहे.

१९५७ मध्ये स्थापन झालेल्या ‘स्कोर’ या आंतरराष्ट्रीय वैज्ञानिक समितीने ही मोहीम आखली. हिंदी महासागराचे वेगळेपण मान्सूनमध्ये आहे. येथे ऋतुमानानुसार वारे दिशा बदलतात आणि सोमालियाच्या किनाऱ्यालगतचा प्रवाहही उलटतो. नैर्ऋत्य मान्सूनच्या काळात तेथे खालचे थंड पाणी वर येते. त्यातील नायट्रेट व फॉस्फेटवर वनस्पतिप्लवक वाढतात, त्यांवर प्राणिप्लवक आणि पुढे मासे. या साखळीचा आरंभ हवामानशास्त्रात, तर शेवट प्राणिशास्त्रात होतो. कोणत्याही एका शास्त्राच्या चौकटीत ती मावणारी नव्हती.

तथापि मोहिमेला एकसंध मानणे योग्य होणार नाही. सहभागी देशांची जहाजे बहुतांशी आपापल्या कार्यक्रमानुसार फिरली. प्रस्तुत लेखकाच्या मते शास्त्रांची खरी गाठ किनाऱ्यावर पडली. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय हवामान केंद्रात वातावरणाच्या नोंदी एकत्र आल्या. प्लवकांसाठी ‘हिंदी महासागर प्रमाण जाळे’ ठरविण्यात आले. ते २०० मीटर खोलीपासून पृष्ठभागापर्यंत उभे ओढले जाई. हे नमुने कोचीन (आता कोची) येथील हिंदी महासागर जैविक केंद्रात येत व तेथे सूक्ष्मदर्शकाखाली गटवार वेगळे केले जात. इतिहासलेखनात या कंटाळवाण्या कामाला सहसा स्थान मिळत नाही. परंतु निरनिराळ्या जहाजांचे जैविक आकडे परस्परांशी आणि तापमान-क्षारतेच्या नोंदींशी ताडून पाहता आले, ते याच कामामुळे. क्लाउस विर्टकी यांचा १९७१ चा नकाशासंग्रहही असाच किनाऱ्यावर, अनेक जहाजांच्या नोंदींतून सिद्ध झाला.

भूशास्त्राला झालेला लाभ तर अनपेक्षितच होता. १९६२ मध्ये ‘ओवेन’ या ब्रिटिश जहाजावरून कार्ल्सबर्ग कटकाचे चुंबकीय सर्वेक्षण झाले. त्यातूनच व्हाइन व मॅथ्यूज यांनी १९६३ मध्ये सागरतळ प्रसरणाचा चुंबकीय पुरावा मांडला. येथेही मापन समुद्रात झाले, अर्थ मात्र केंब्रिजमध्ये लागला.

१ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. तिचे मुख्यालय पुढे गोव्यात स्थिरावले. पहिले संचालक एन. के. पणिक्कर हे प्राणिशास्त्रज्ञ होते. कोचीनचे जैविक केंद्र या संस्थेत विलीन झाले. ‘गवेषणी’ हे संशोधन जहाज मात्र तिला १९७६ मध्ये, म्हणजे दहा वर्षांनी मिळाले.